कापलेल्या दोन मात्रा

अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "करंदीकर, तुमच्या कारकिर्दीवर लिहा. जरा प्रेरणादायी होऊ दे." मी विचारलं, कोणासाठी? ते म्हणाले, नव्या पिढीसाठी. ज्या माणसाने नोकरीची शेवटची अकरा वर्षं चिकट झालेल्या टेपा मंद आचेवर भाजण्यात घालवली, त्याच्यापासून नव्या पिढीने कसली प्रेरणा घ्यायची हे मला अजून सुचलेलं नाही. म्हणून कारकीर्द बाजूला ठेवतो आणि एका चुकीबद्दल लिहितो. चूक माझीच असल्यामुळे तपशील खात्रीचे आहेत.

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण आमच्या मुलीलासुद्धा ते नीट सांगता येत नाही. शाळेत ती "माय फादर रिपेअर्स ओल्ड साउंड" असं सांगायची आणि बाई तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरची मुलगी समजायच्या. मी जुन्या टेपांवरचा आवाज काढून संगणकात आणायचो. कोणाच्या लग्नातली मंगलाष्टकं, कोणा कंपनीचा रौप्यमहोत्सव, बंद पडलेल्या हॉटेलात वाजवणाऱ्या एखाद्या बँडची रीळं. आमचं दुकान एका औद्योगिक इमारतीत सहाव्या मजल्यावर होतं. शेजारी फिशबॉल तयार व्हायचे, त्यामुळे दुपारी तीननंतर आमच्याकडे येणारं सगळं संगीत थोडं खारट वाटायचं. मालक मिस्टर टिओ आणि मी, एवढाच कर्मचारीवर्ग. करंदीकर हे नाव त्यांना झेपलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याचं 'मिस्टर करन' करून टाकलं आणि विषय संपवला.

सिंगापूरची हवा टेपांना मानवत नाही. टेप म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेली लोहचुंबकी पूड. आवाज असतो त्या पुडीत. विशेषतः सत्तरच्या दशकातल्या काही टेपांचा चिकटवणारा थर हवेतलं पाणी पिऊन गुळासारखा होतो. तशी टेप यंत्रावर चढवली तर ती किंचाळते, अडकते आणि पूड खरवडून निघते. एकदा पूड गेली की आवाज गेला. यावर उपाय म्हणजे टेप भाजणे. ओव्हनही नाही, फळं सुकवायचं एक साधं यंत्र, त्यात मंद उष्णतेवर आठ-दहा तास. मग दोन-तीन आठवडे ती शहाण्यासारखी वागते, त्यानंतर पुन्हा चिकटते. हे यंत्र आणलं तेव्हा माझ्या बायकोने, शुभाने, चौकशी केली होती, "अहो, त्यात आंबापोळी होईल का?" होते. मिस्टर टिओंना आवडलीसुद्धा.

प्रत्येक कामाबरोबर गिऱ्हाइकाला एक अहवाल द्यायचा असे. छापील कागद, तीन रकाने: वेळ, दोष, दुरुस्ती. अमुक मिनिटाला खरखर, काढली. तमुक मिनिटाला आवाज बसला, उचलला. खाली मिस्टर टिओंचा शिक्का. हा कागद लक्षात ठेवा.

गिऱ्हाइकं नाना प्रकारची. आपल्याच मराठी मंडळींपैकी एक उद्योजक (ईस्ट कोस्टला महागडा कोंडो, पुढचं सांगत नाही) स्वतःच्या एका जुन्या भाषणाची कॅसेट घेऊन आले. पंचेचाळीस मिनिटं भाषण आणि शेवटी चार-पाच जणांच्या टाळ्या, त्याही बहुधा संपल्याच्या आनंदात. "करंदीकर, टाळ्या वाढवता येतील?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आम्ही असलेला आवाज काढतो, नसलेला घालत नाही. ते म्हणाले, "मग तुमच्या तंत्रज्ञानाचा उपयोग काय?" प्रश्न चुकीचा नव्हता.

दुसरी एक तमिळ बाई. वडिलांची एकच कॅसेट होती. त्यात वडील विचारतात, "सुरू झालं का?" आणि नंतर अर्धा तास काही नाही, फक्त पंखा. ते बहुधा काय बोलावं हे न सुचून बसून राहिले असावेत. मी उत्साहाने सांगितलं की पंख्याची घरघर पूर्ण काढून देतो. त्या म्हणाल्या, "राहू दे. तो आमच्या घरचा पंखा आहे."

मी ते वाक्य घरी येऊन शुभाला सांगितलं, आमच्या इमारतीतल्या सावंतला सांगितलं, दोन-तीन मैफलींतही सांगितलं. जे वाक्य माणूस इतक्या वेळा दुसऱ्यांना सांगतो ते त्याने स्वतः ऐकलेलं असतंच असं नाही.

बर्नार्ड अंकल आमच्याकडे आले ते त्यानंतर वर्षभराने, २०१४च्या सुमारास. युरेशियन (अर्धे युरोपी, अर्धे इथले) गृहस्थ, सत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात एकच रीळ. सत्तरच्या दशकात त्यांचा एक कंट्री बँड होता. चार पुरुष आणि गाणारी त्यांची बायको, आयरीन. हॉटेलांच्या लाउंजमध्ये आणि बंदराजवळच्या खलाशांच्या क्लबमध्ये ते वाजवत. एका रविवारी कोणाच्या तरी दिवाणखान्यात त्यांनी आठ गाणी ध्वनिमुद्रित केली. रेकॉर्ड निघायची होती, निघाली नाही. आयरीन तीन वर्षांपूर्वी वारल्या. त्यांच्या आवाजाचं जगात एवढंच शिल्लक होतं.

"आधी भाजावी लागेल, अंकल," मी म्हटलं.

"टेप?"

"हो. आठ-दहा तास, मंद आचेवर."

"माझी बायको नाताळच्या डेव्हल करीलासुद्धा इतका वेळ देत नसे, लाह." ('लाह' हे सिंगापुरी बोलण्याचं शेपूट, आपल्या 'बरं का'सारखं.)

कंट्री संगीत म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराळ भागातल्या लोकांची गाणी. स्कॉटलंड-आयर्लंडहून गेलेल्यांनी आपली जुनी कथागीतं नेली, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांनी बँजो नेला, आणि दोन्ही मिळून जे झालं त्याला पुढे टोपी घालून विकण्यात आलं. मी याबद्दल बरंच वाचलेलं होतं. या वाचनाचा मला अभिमान होता, आणि आमच्या धंद्यात अभिमान हा दमट हवेइतकाच वाईट.

रिळावरचं शेवटचं गाणं असंच एक जुनं लोकगीत होतं. त्याचं नाव देत नाही, कारण प्रत्येक गावात त्याला वेगळं नाव आहे. एक बाई नदीकाठी उभी आहे आणि नावाड्याला हाक मारतेय. तिचा माणूस पलीकडे. पहिल्या दोन कडव्यांत नाव येत नाही. तिसऱ्यात ती नावाड्याला हाक मारून सांगते की आता राहू दे, पाणी आटलंय, मी चालत जाते. एवढंच. ते कोणी रचलं ते कोणालाच माहीत नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्या कोणी रचल्या हे जसं कोणी विचारत नाही तसंच. असं गाणं प्रत्येक जण दुसऱ्या कोणाचं तरी ऐकून गातो. कव्हर म्हणतात ते हेच, फक्त लोकगीताच्या बाबतीत मूळ कुठे आहे ते सापडत नाही.

टेप भाजली तरी ती कुरकुरत होती. यंत्राच्या हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या तुकड्यावर, तपकिरी पूड साठत होती, मी ती दर गाण्यानंतर पुसत होतो. कशीबशी एक पूर्ण फेरी मिळाली. नऊ ठिकाणी आवाज अडखळला होता. आठ ठिकाणी स्पष्ट दिसत होतं की टेप हेडला चिकटली, सूर खाली घसरला, मग झटक्याने सुटला. ती आठही ठिकाणं मी दुरुस्त केली. नववं होतं शेवटच्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात. हाक संपते आणि "पाणी आटलंय" सुरू व्हायच्या आधी सगळा बँड गप्प. बरोबर दोन मात्रा.

आमचा कान तबल्याच्या ठेक्यावर वाढलेला. लहानपणी पुण्यात आठ वर्षं मी तबला शिकलो. वाजवता फारसा आला नाही, पण मात्रा मोजायची खोड कायमची लागली. आवर्तनात दोन मात्रा जास्त झाल्या की मला जेवणात खडा लागल्यासारखं होतं. शिवाय हे गाणं मला ठाऊक होतं. त्याची जुनी ध्वनिमुद्रणं मी ऐकली होती, त्यांत या जागी कोणीही थांबत नाही. म्हणजे दोष टेपचा. सूर घसरलेला नव्हता, ही गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. त्या दोन मात्रा कापल्या, दोन्ही कडा जुळवल्या आणि मिस्टर टिओंना बोलावून म्हटलं, "कुठे कापलंय सांगा."

त्यांनी दोनदा ऐकलं. "व्हेरी क्लीन," ते म्हणाले.

अहवालात मी टापटिपीने लिहिलं: २ मिनिटं ४१ सेकंद. दोन मात्रांचा खंड. काढला.

टेप भाजून पाच आठवडे झाल्यावर बर्नार्ड अंकल आले. कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसले. पहिल्या गाण्यापासून त्यांचा डावा हात गुडघ्यावर अदृश्य तारा दाबत होता. मी समोर बसून, खरं सांगायचं तर, कौतुकाची वाट पाहत होतो. शेवटचं गाणं आलं, तिसरं कडवं आलं, आणि त्यांनी उजवा हात उचलला. जसा गिटारवाला तारेवर हात टाकायच्या आधी उचलतो तसा. गाणं पुढे निघून गेलं. हात तसाच वर राहिला.

त्यांनी हेडफोन काढला. "कुठे गेली?"

"कोण, अंकल?"

"आयरीन."

मला काही कळेना. त्यांनी मला ती जागा पुन्हा लावायला सांगितली आणि पुन्हा हात उचलला, पुन्हा तो वरच राहिला. मग त्यांनी सांगितलं. आयरीनला लहानपणी क्षय झाला होता. एक फुप्फुस जवळजवळ निकामी. दोन कडवी ती कशीतरी काढायची, तिसऱ्यात ती लांब हाक दिली की तिचा श्वास संपायचा. त्यामुळे तिथे सगळा बँड थांबायचा. ती श्वास घ्यायची, मान हलवायची, मग ते तिच्याबरोबर पुढे निघायचे. कधी दीड मात्रा, कधी तीन. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी दोन.

"ड्रमर विचारायचा, यादीत या गाण्यापुढे काय लिहू. मी सांगायचो, लिही, आयरीनसाठी थांबा."

मी अहवालाचा कागद पुढे केला नाही, पण तो टेबलावरच होता. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"म्हणजे तू तिला बरी केलीस," ते म्हणाले. रागावून नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "डॉक्टरांना चाळीस वर्षं जमलं नाही, लाह."

मी म्हटलं, मूळ प्रत आहे, अंकल, आम्ही पहिली प्रत कधीच हात न लावता ठेवतो, पाच मिनिटांत काढून देतो. आमच्या धंद्यातला तो पहिला नियम. मिस्टर टिओंनी तो भिंतीवर चिकटवलेला होता आणि मी तो सुट्टीत शिकायला येणाऱ्या मुलांना शिकवायचो. संगणक उघडला. पहिली प्रत नव्हती. म्हणजे होती, पण दुरुस्त केलेली. त्या दुपारी एक फेरी मिळाल्याच्या आनंदात मी नक्कल न काढता थेट तिच्यावरच काम केलं होतं आणि त्याच नावाने जतन केलं होतं. ज्या श्वासासाठी चार माणसं वाद्यं थांबवून उभी राहायची, तो मी कळ दाबून पुसला होता.

आता उरली होती टेप. तिला भाजून पाच आठवडे झाले होते, ती परत चिकटली होती. आणि अंकल दहा दिवसांनी पर्थला मुलीकडे कायमचे राहायला चालले होते. फ्लॅटच्या किल्ल्या द्यायची तारीखसुद्धा ठरली होती.

मिस्टर टिओंनी माझा अहवाल वाचला, मग टेपचं टोक नखावर घासून पाहिलं. "मिस्टर करन, चूक कागदावर लिहिलेली आहे. हे बरं. पुष्कळ लोक लिहीतसुद्धा नाहीत." बोलणं एवढंच. मग टेपबद्दल म्हणाले, दुसऱ्यांदा भाजता येते, पण पहिल्या फेरीतच इतकी पूड गेली आहे, मिळाली तर एक फेरी मिळेल. कदाचित तीही नाही. टेप कायमची जाईल. अंकलना विचार.

अंकल म्हणाले, "ठेवून काय करू? पर्थला तिच्याकडे बघत बसू? भाज."

शनिवार ठरला. मधले दिवस मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. जेवताना शुभा म्हणाली, "अहो, बोला तरी कोणाशी." म्हणून मी खाली सावंतकडे गेलो.

सावंत मालवणचा, जहाजावर चीफ इंजिनिअर. वुडलँड्सला आमच्याच ब्लॉकमध्ये चार मजले खाली त्याचं बिऱ्हाड. सहा महिने समुद्रावर, तीन महिने घरी. त्याला कंट्री संगीताचं वेड, आणि जगातल्या प्रत्येक बंदरातून त्याने कॅसेटी गोळा केलेल्या. बुटांचे अकरा खोके भरून. त्याच्या बायकोचं म्हणणं, दुसऱ्यांचे नवरे परफ्यूम आणतात.

मी सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता मध्येच म्हणाला, "कुठच्या कडव्यात?"

"तिसऱ्या."

"हाक मारून झाली की? 'पाणी आटलंय'च्या आधी?"

"तुला कसं माहीत?"

"गप ऱ्हवा जरा." तो उठून आतल्या खोलीत गेला. आतून खोके ओढल्याचा आवाज आणि वहिनींचा "आत्ताच पुसलं होतं मी" असा निषेध ऐकू आला.

पहिली कॅसेट सेबूची. फिलिपिन्समधल्या त्या बंदरात गँगवेखाली, जहाजाच्या शिडीपाशी, गायिकेचा भाऊच त्या विकत होता. बाईंचा आवाज असा की त्यांना श्वासाची काही अडचण असेल असं वाटू नये. पहिलं कडवं, दुसरं, तिसऱ्यात हाक. आणि बँड थांबला. एक, दोन. मग "पाणी आटलंय".

मी म्हणालो, "योगायोग असेल."

"असां?" सावंत म्हणाला आणि त्याने दुसरी लावली. ही अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका तेलाच्या बंदरातली. गाणारा पुरुष, गड्याचा खर्ज, वेष्टनावर घोड्यासकट फोटो. तिथेही तिसऱ्या कडव्यात, तिथेच, एक, दोन. वेष्टनावर छापलं होतं: पारंपरिक गीत, संयोजन अमुक, आणि खाली, 'त्यांच्या खास शैलीतल्या सुप्रसिद्ध विरामासह'. ते वाचून मला त्या आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं. टाळ्या वाढवून मागणारे सगळीकडे असतात.

मी दोन्ही कॅसेटी दुकानात नेल्या आणि त्यांतल्या विरामाच्या मात्रा मोजल्या. माझ्याकडची या गाण्याची जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा सगळी ऐकली. ती अंकलच्या टेपच्या आधीची. एकातही विराम नाही. नंतरच्या या दोन्हींत आहे, त्याच अक्षरानंतर, तेवढाच. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक असंच करतात. दोन पोथ्यांत बरोबर ओळ सारखी असेल तर त्यातून काही सिद्ध होत नाही. पण एका नक्कलकाराचा हात एका जागी थबकला आणि तीच थबक पुढच्या पोथीत उतरली, तर ती पोथी कोणावरून उतरवली ते कळतं. वंश चुकांवरून कळतो. मी आयुष्यभर चुका काढत आलो होतो, म्हणजे काय काय पुसत आलो असेन कोण जाणे.

मी संशयी माणूस आहे. चमत्कार सांगणाऱ्याला मी आधी पावती मागतो. पण त्या दुपारी फिशबॉलच्या वासात बसून, हेडफोनमध्ये त्या घोडेवाल्याचा धडधाकट बँड दोन मात्रा गप्प उभा आहे हे ऐकताना मला उठून उभं राहावंसं वाटलं. ज्या डोंगरांतून ते गाणं निघालं त्यांच्याच देशात ते परत गेलं होतं, आणि जाताना सिंगापूरच्या एका बाईचं आजारी फुप्फुस बरोबर घेऊन गेलं होतं. त्या माणसाने आयरीनचं नाव ऐकलेलं नव्हतं. तरी तो तिच्यासाठी थांबत होता.

शनिवारी सकाळी अंकल आले, सावंतही आला. टेप यंत्रात थंड होत होती. मी अंकलना आधी त्या दोन कॅसेटी ऐकवल्या, काहीही न सांगता. सेबूच्या बाईंनी हाक दिली, अंकलचा उजवा हात वर गेला. एक, दोन. हात खाली आला तो बरोबर तारेवर, म्हणजे गुडघ्यावर. दुसऱ्या कॅसेटीतही तसंच. नंतर त्यांनी वेष्टनावरच्या घोड्यावर बोट ठेवलं.

"ते थांबले," ते म्हणाले.

सावंतने विचारलं, "तुमच्याकडून कोण शिकलं असेल, अंकल?"

"क्लबमध्ये खलाशी यायचे. एक फिलिपिनो होता, बास गिटार वाजवायचा. जहाज लागलं की आमच्याबरोबर बसायचा. नाव आता..." त्यांनी डोकं हलवलं. "पहिल्या दिवशी तो या जागी पुढे गेला. आयरीनने वळून त्याच्याकडे पाहिलं. परत कधी गेला नाही."

"बायको वळून बघते तेव्हा माणूस थांबतोच," सावंत म्हणाला. अंकल पहिल्यांदा मोकळं हसले.

ही झाली एक शक्यता. सेबूच्या बाईंपर्यंत ते त्या बासवाल्याकडून गेलं की आणखी कोणाकडून, आणि तिथून तेलाच्या बंदरात कोणी नेलं, मला माहीत नाही. शोधायचा प्रयत्न केला, सापडलं नाही. जे सापडलं नाही ते रचून सांगणार नाही.

मग टेप. मिस्टर टिओंनी हेड स्वतः पुसलं आणि मला म्हणाले, "या वेळी आधी नक्कल." अंकलना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू ठेवला. आम्ही थेट शेवटच्या गाण्यावर गेलो. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात टेप बारीक कुरकुरू लागली. यंत्राखाली तपकिरी पूड पडत होती, दालचिनीच्या कुटासारखी. त्यातला प्रत्येक कण कुठला तरी सूर होता. मिस्टर टिओंचा अंगठा बंद करायच्या बटणावर. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मानेने 'चालू दे' म्हटलं.

तिसरं कडवं. हाक.

तिथे शांतता नव्हती. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मात्रा मोजत होतो, त्यामुळे आत काय आहे ते मला ऐकूच आलं नव्हतं. आधी एका बुटाचा लाकडी जमिनीवर ठोका, मग श्वास. लांब, खालून ओढलेला, टोकाला बारीक शिट्टी वाजणारा. मग दुसरा ठोका.

"तो माझा बूट," अंकल म्हणाले.

पुढची ओळ सुरू झाली आणि टेप किंचाळली. मिस्टर टिओंनी यंत्र थांबवलं. हेडवर पुडीचा थर होता, आणि पट्टीवर त्याच्यापुढे नुसतं प्लास्टिक, पलीकडचं दिसेल इतकं स्वच्छ.

शेवटची ओळ आता फक्त माझ्या दुरुस्त केलेल्या, म्हणजे बिघडवलेल्या प्रतीत उरली होती. आणि श्वास फक्त या नव्या प्रतीत. मी कात्रीची जागा शोधली. सापडायला वेळ लागला, कारण काम खरंच स्वच्छ केलं होतं. तिथे ती दोन मात्रांची पट्टी परत बसवली. जोड थोडा दिसतो. नव्या भागात कुरकूर जास्त आहे, त्यामुळे श्वासाच्या आधी हवा बदलल्यासारखी वाटते.

सावंत मागे उभा होता. "ती शिट्टी काढता येते काय ओ?"

"नाही," मी आणि अंकल एकदमच म्हणालो.

अंकलनी पुन्हा हेडफोन लावला. हात वर गेला, थांबला, खाली आला. त्यांनी ते गाणं चार वेळा ऐकलं, चारही वेळा मी त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता हाताकडे बघत होतो. मग ते उठले, निकामी झालेलं रीळ बिस्किटांच्या डब्यात ठेवलं, सगळ्यांशी हात मिळवला. दारात मला म्हणाले, "मिस्टर करन, तू वाजवतोस का काही?"

"तबला शिकलो होतो, अंकल. जमला नाही."

"का?"

"थांबता येत नव्हतं."

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ते आधीच दिसलं होतं.

ते पर्थला गेले. नाताळात एक कार्ड आलं, नंतर नाही. अहवाल मात्र नव्याने करावा लागला, कारण पहिला आता खोटा होता. मी छापील कागद घेतला. आठ दोष पूर्वीचेच उतरवले. नवव्या ओळीला वेळ लिहिली, २ मिनिटं ४१ सेकंद, आणि दोषाच्या रकान्यात लिहिलं: आयरीन श्वास घेते. बँड थांबतो. दुरुस्तीचा रकाना कोरा ठेवला.

मिस्टर टिओंनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं.

"हा दोष नाही."

"नाही."

"मग या रकान्यात का?"

"दुसरा रकाना नाही."

त्यांनी कागद पुढे ओढला आणि शिक्का मारला.